कोरड्या मुलखात सागवानी नाव: हिडकल, नविलुतीर्थ आणि कृष्णाकाठासाठी बांधणीची रीत

कारवार-मालवणकडे नाव बांधायला घेतली की आधी लाकूड आणि नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, उठाव यांवर बोलणं होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडी, सौंदत्ती या पट्ट्यात त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: ही नाव चैत्र-वैशाखात कुठे असणार? हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात पार आत सरकतं, मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ जलाशयाचंही तेच, आणि कृष्णेत ठिकठिकाणी नुसते डोह उरतात. नाव काठावर उताणी पडते आणि तिथेच खराब होते. पाण्यात नाव कुजायला वर्षं लागतात, फळ्यांमध्ये फटी पडायला एक उन्हाळा पुरतो.

यामागचा हिशेब आधी समजून घ्यावा, कारण पुढची सगळी मापं त्यावरच बेतलेली आहेत. हवेतली आर्द्रता 80 टक्के असेल तर सावलीतलं लाकूड साधारण 15-16 टक्के ओलावा धरून राहतं. आर्द्रता 50 टक्के असेल तर 9, आणि 30 टक्क्यांवर आली, जी आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी येतेच, तर 6 टक्क्यांच्या आसपास. पाण्याखालची फळी मात्र 28-30 टक्क्यांपर्यंत भिजते. ओलावा 1 टक्क्याने बदलला की आडव्या रेघांची (टोकाकडून पाहिलं तर रेघा रुंद अंगाला समांतर) सागवानी फळी रुंदीत साधारण 0.2 टक्के हलते, उभ्या रेघांची 0.1 टक्का. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. आता मांडून पाहा. 8 इंची आडव्या रेघांची फळी, ओलावा 18 वरून 8 वर आला, तर रुंदी 4 मिलिमीटरने कमी होते. तेवढी फट प्रत्येक सांध्याला पडली तर नाव म्हणजे चाळण. तीच फळी 5 इंची आणि उभ्या रेघांची असेल तर फरक सव्वा मिलिमीटरच. तो मऊ लांबी (फटी भरायचा खडू-तेलाचा लगदा) आणि सुताची वात पचवू शकतात.

यावरून तीन निर्णय निघतात: फळ्या अरुंद, रेघा उभ्या, आणि तळाच्या फळ्या लांबीत बसवायच्या, आडव्या नाहीत. बरेच सुतार सपाट तळाला आडव्या फळ्या मारतात, कारण छोटे तुकडे वापरता येतात आणि काम दोन दिवसांत उरकतं. पण 15 फूट लांबीभर आडव्या फळ्या बसवल्या तर 10 टक्के ओलाव्याच्या फरकाने तळ लांबीत पावणेदोन इंच वाढायला बघतो, आणि बाजूच्या फळ्या तर लांबीत हलत नाहीत. मग नावेचं टोक उचकटतं किंवा खिळे उपटतात. लांबीत बसवलेल्या फळ्यांचा 3 फूट रुंदीचा तळ तेवढ्याच फरकाने 3 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हलतो. दोन दिवस वाचवण्यासाठी आडवा तळ करू नये.

नावेचा आकार

खाली दिलेली मापं 16 फुटी, सपाट तळाच्या, पुढे निमुळत्या आणि मागे सरळ फळीच्या नावेची आहेत. संथ पाण्याला, जाळी टाकायला, चार माणसं आणि थोडं सामान न्यायला ही पुरेशी आहे. नाळेपासून 4 फुटांवर तळाची रुंदी 22 इंच आणि वरची 36. 8 फुटांवर 36 आणि 48. 12 फुटांवर 34 आणि 46. मागच्या फळीवर 28 आणि 38. खोली मध्यभागी 18 इंच, नाळेपाशी 22. तळ पुढे 3 आणि मागे 2 इंच उचललेला असावा. पूर्ण सपाट ठेवला तर वल्हवताना नाव मागे पाणी ओढते आणि वळत नाही.

रिकामी नाव 200 किलोच्या आसपास भरते आणि पावणेतीन इंच पाण्यात बसते. त्यापुढे दर 80 किलोला ती साधारण एक इंच खाली जाते. चार माणसं बसली तर सहा इंच पाण्यात, बारा इंच वर. पूर असेल तर यापेक्षा जास्त माणसं घेऊ नयेत, आणि पैसे घेऊन माणसं न्यायची असतील तर परवाना आणि लाइफ जॅकेटं आधी, नाव नंतर.

लाकूड

फळ्यांना साग. यावर तडजोड करायची असेल तर ती ओल्या मुलखात करावी, इथे नाही. साग कमी हलतो आणि त्याच्या अंगातलं तेल पाणी आत-बाहेर व्हायला वेळ लावतं. फणसही चालतो, टिकाऊ आहे. ऐन ताकदीला चांगला, पण सुकताना अंगावर भेगा पडतात. कोरड्या वाऱ्यात तर हमखास. जांभा इतका कडक की भोक न पाडता खिळा मारला तर फळी चिरते. आंबा स्वस्त मिळतो, कीडही तितक्याच लवकर धरतो. दोन-तीन पावसाळे काढायचे असतील तरच तो घ्यावा.

सागाची खरेदी पावतीनिशी करा: दांडेलीकडच्या सरकारी डेपोतल्या लिलावातून किंवा परवानाधारक वखारीतून. स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडायला आणि वाहून न्यायला वनखात्याची परवानगी लागते. वखारीत फक्त फळी बघू नका, तिचं टोक बघा. टोकावरच्या रेघा फळीच्या रुंद अंगाला उभ्या, म्हणजे 60 ते 90 अंशांत असतील ती फळी घ्या. रेघा कमानीसारख्या वाकलेल्या असतील ती बाजूला ठेवा, त्यातून बसायच्या पाट्या निघतील. ओंडका आपल्यासमोर अऱ्यावर कापून घेता आला तर उत्तम. अरेवाला सरसकट एकाच दिशेने चिरत जातो, त्यात त्याची घट कमी होते. उभ्या रेघांसाठी ओंडका फिरवून कापावा लागतो, त्याचे थोडे पैसे वाढवून मागितले तर द्या. सालीलगतचं पांढरं लाकूड एक इंचही घेऊ नका. नावेत कुजायची सुरुवात तिथूनच होते.

वाक्यांना, म्हणजे नावेच्या फासळ्यांना, बाभूळ. आपल्या काळ्या रानात ती बांधाबांधावर आहे आणि तिच्या फांदीचा नैसर्गिक बाक सुताराने कापून काढलेल्या बाकापेक्षा कितीतरी मजबूत असतो, कारण रेघा बाकाबरोबर वळलेल्या असतात. तळ आणि बाजू यांचा कोन 108 अंशांच्या आसपास येतो. तेवढ्या कोनाचे फाटे हेरून ठेवा. तोडल्याबरोबर साल काढा, नाहीतर सालीखाली भुंगा शिरतो आणि दोन महिन्यांत पिठासारखा भुसा गळायला लागतो. साल काढलेले तुकडे तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात किंवा विहिरीत बुडवून ठेवले तर कीड ज्यावर जगते तो अंश बराचसा निघून जातो. नंतर सावलीत सुकवा आणि फक्त तांबूस गाभा वापरा.

एका नावेला लागणारं सामान साधारण असं:

- सागाच्या फळ्या: तळाला 1 इंच जाड, बाजूंना 6 सूत जाड. कापीव 11 घनफूट. प्रत्यक्ष नावेत साडेसहा घनफूट बसतं, उरलेलं गाठी, पांढरं आणि रंध्यात जातं.
- पट्ट्या, काठ, पठाण (तळाखालचा कणा), मागची फळी, बसायच्या पाट्या: साग 4 घनफूट.
- वाक्या: बाभूळ, दोन इंच बाय दीड इंच, 10 जोड, दर 16 इंचांवर एक.
- रिपीट (रिव्हेट): 10 गेजची तांब्याची तार, सुमारे 450 तुकडे, आणि दुप्पट वायसर (वॉशर).
- पितळी स्क्रू: 8 नंबर, सव्वा इंची, 500.
- खडूची भुकटी 3 किलो, जवसाचं कच्चं तेल 5 लिटर, मधमाशीचं मेण 200 ग्रॅम, सुती दोऱ्याची लड अर्धा किलो.

तांब्याचे तयार रिपीट इकडे सहज मिळत नाहीत. अर्थिंगची तांब्याची तार इलेक्ट्रिकच्या दुकानात किलोवर मिळते, ती कापून दोन्ही बाजूंना वायसर घालून ठोकली की काम होतं. वायसर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही पंचिंग करणाऱ्या वर्कशॉपात 18 गेजच्या पत्र्यातून पाडून मिळतात. भोक तारेपेक्षा किंचित लहान हवं, म्हणजे वायसर ठोकून बसवावा लागेल. लोखंडी खिळा बाभळीतल्या तुरटपणामुळे काळा पडून झिजतो आणि भोवतीचं लाकूडही खातो. गॅल्व्हनाइज्ड खिळा गोड्या पाण्यात काही वर्षं चालतो. पैसे कमी असतील तर तो वापरा, साधा मात्र नाही.

सुकवणं आणि मोजणं

फळ्या कापल्या त्याच दिवशी टोकांना पातळ केलेलं मेण किंवा जाड रंग लावा. टोकातून पाणी अंगापेक्षा कितीतरी वेगाने जातं. उद्यावर ढकललं तर टोकाला हातभर चीर पडते आणि तेवढी फळी वाया जाते. रास जमिनीपासून दीड फूट उंच करा. दर दीड फुटावर एक इंच जाडीच्या सारख्या पट्ट्या घाला, आणि त्या वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात असू द्या. एक पट्टी इकडे-तिकडे गेली की त्या जागी फळी कायमची वाकते. वर दगड ठेवा. पश्चिमेच्या वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावा. खानापूरकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, उघडी हवा चालते. अथणीत, जिथे वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास, उघड्यावर रास केली तर फळीचं वरचं अंग आतल्यापेक्षा आधी सुकून केसासारख्या चिरा पडतात.

इंचभर जाडीचा साग सावलीत तीन ते चार महिन्यांत सुकतो. आपल्याला 12 ते 13 टक्के ओलावा हवा आहे, त्याहून कोरडा नको. सुई टोचून मोजायचं यंत्र बाजारात मिळतं. नसेल तर फळीच्या टोकापासून दीड फूट आतला इंचभर तुकडा कापा, सोनाराच्या काट्यावर वजन करा, ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा आणि पुन्हा तोला. आधी 46.2 ग्रॅम, नंतर 40.8 ग्रॅम: फरक 5.4, भागिले 40.8, म्हणजे 13.2 टक्के. टोकाचा तुकडा घेऊ नका, तो नेहमीच खोटं सांगतो.

रास गौरी-गणपतीच्या सुमाराला उतरवायला मिळावी असा हिशेब धरा, म्हणजे लाकूड वैशाखात चिरून घ्यायचं आणि पावसाळाभर छपराखाली ठेवायचं. बांधणी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. या महिन्यांत हवा लाकडाला 10 ते 13 टक्क्यांच्या आसपास धरून ठेवते. फेब्रुवारीत काम अर्धवट राहिलं तर जोडलेल्या फळ्या सांगाड्यावरच आकसायला लागतात. तशी वेळ आलीच तर छपरात जमिनीवर पाणी मारा आणि रात्री नावेवर ओलं गोणपाट टाका.

सांगाडा आणि बाजू

नाव उलटी बांधा. दोन सरळ वासे समांतर, पातळी तपासून, त्यांवर वाक्यांच्या जोड्या उलट्या उभ्या करायच्या, तळ वरती आणि छातीच्या उंचीला. खाली माणूस बसून काम करू शकेल एवढी, निदान अडीच फूट, मोकळी जागा सोडा; ती का, ते तळाच्या वेळी कळेल. मधून दोरी ताणा आणि प्रत्येक वाकीचा मध्य तिच्याखाली आणा. मग एक लवचीक पट्टी सगळ्या वाक्यांवरून वळवून बघा. कुठे पट्टी उचलली गेली तर तिथे वाकी उंचावून घ्या, कुठे दाबली गेली तर वाकी तासा. वाकसाने तासायचं हे काम दिवसभर चालतं, चालू द्या. इथे राहिलेला अर्धा सूत पुढे फळीत लाट होऊन दिसतो.

तळ आणि बाजू मिळतात तिथे आतून दीड इंच चौकोनी सागाची कोनपट्टी दोन्हीकडे, वाक्यांत खाच पाडून. तळाच्या वाक्यांना लांबीत सहा खाचा, प्रत्येक दीड इंच रुंद, अर्धा इंच खोल. या खाचांत सहा सांधेपट्ट्या बसतात. प्रत्येक सांध्याच्या बरोबर मागे एक पट्टी. काठावर महिनोन्महिने राहणाऱ्या नावेची सगळी भिस्त यांच्यावर असते: फळी आकसली तरी फटीमागे लाकूड आणि लांबी असते, उघडं आभाळ नाही.

बाजूंना 7 इंची तीन फळ्या, एकमेकींवर एक इंच चढवलेल्या. अशा चढत्या जोडात फळी दीड मिलिमीटर हलली तरी काही बिघडत नाही, म्हणून पाण्यावरच्या भागाला हीच पद्धत बरी. पहिली फळी कोनपट्टीला, पुढची तिच्यावर बाहेरून. जिथे दोन फळ्या एकमेकींवर येतात ते अंग रंध्याने तिरकं करून घ्या, नुसत्या कडा टेकवू नका. नाळेपाशी शेवटच्या एक फुटात चढ हळूहळू कमी करत दोन्ही फळ्या सपाट एका पातळीत आणायच्या. वाक्यांना बाहेरून पायऱ्या पाडा, म्हणजे प्रत्येक फळी अंगभर टेकेल.

17 फुटांची निर्दोष फळी मिळणं कठीण. जोड द्यावा लागला तर तिरकस द्या, जाडीच्या आठपट लांब. 6 सुती फळीला 6 इंच. बाहेरून दिसणारी धार मागच्या दिशेला ठेवा. तीन फळ्यांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नका.

पुढचा बाक देताना फळी मोडते ती बहुधा अति कोरडी असते. 7-8 टक्क्यांची फळी वाफेनेही नीट वळत नाही. टोकाकडचे 5 फूट पाऊण तास वाफवा. इंचाला एक तास हा हिशेब. वाफेची पेटी नसेल तर गुऱ्हाळाची काहिल आणि चुलवण वापरा, टोक उकळत्या पाण्यात धरा. (कृष्णाकाठी पुरात हीच काहिल माणसं काढायलाही उतरवतात, तेव्हा ती कुणाकडे आहे हे गावात माहीत असतंच.) बाहेर काढल्यावर हातात एक मिनिट असतो. शिकंजे आधीच लावून उघडे ठेवा. थंड झाल्यावर फळी एक रात्र शिकंज्यातच राहू द्या, रिपीट दुसऱ्या दिवशी.

चढावर दर 4 इंचांवर रिपीट. भोक तारेच्या नेमक्या मापाचं, आतून-बाहेरून वायसर, आणि तार वायसरच्या वर तिच्या जाडीएवढीच उरवून हलक्या हातोडीने गोल करा. एकदम जोराने ठोकलं तर तार भोकात वाकते. वरून घट्ट दिसतं, पुढच्या पावसाळ्यात सैल होतं.

तळ

लांबी आधी मळून ठेवा: खडूची भुकटी 1 किलो, जवसाचं कच्चं तेल 180 ते 200 ग्रॅम, पातळ केलेलं मेण 50 ग्रॅम. पोळीच्या कणकेपेक्षा जरा मऊ. बाजारातली खिडकीच्या काचेची लांबी घेऊ नका. ती दगडासारखी घट्ट होते, आणि इथे आपल्याला कायम मऊ राहणारी हवी.

तळाला 5 इंची सात फळ्या. मधली पहिली, मग दोन्हीकडे. सांधेपट्टीवर लांबीचा जाड थर, त्यावर फळी. कडेच्या बाहेरच्या बाजूला रंध्याने उतार काढा, असा की दोन फळ्या शेजारी आल्या की बाहेरून अर्धा सूत उघडं राहील. आतल्या कडाही एकमेकींना दाबून बसवायच्या नाहीत. लाकूड 12-13 टक्के असेल तर मध्ये हॅक्सॉचं एक पातं घालून फळी बसवा आणि पातं काढून घ्या. लाकूड 9-10 टक्क्यांवर गेलं असेल तर दोन पाती.

आपल्याकडच्या चांगल्या सुताराच्या हाताला हे पटत नाही. दार-कपाटाचा सांधा जितका गच्च तितकं काम सरस, हे त्याच्या हाडात मुरलेलं असतं. पण गच्च बसवलेला कोरडा तळ पाण्यात गेला की 36 इंचांना अर्धा इंच वाढायला बघतो. जागा नसली की फळ्यांच्या कडा चिरडतात. चिरडलेलं लाकूड पुन्हा पूर्वीच्या मापाला येत नाही, म्हणून उन्हाळ्यात फट आणखी मोठी पडते. मग कुणी तिच्यात आणखी काथ्या ठासतो, पुढच्या वर्षी कडा आणखी चिरडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाक्या तडकतात. इकडच्या बहुतेक नावा अशाच संपतात, आणि दोष लाकडाला दिला जातो.

याच कारणाने तळाची शेवटची फळी बाजूच्या फळीच्या कडेवरून बाहेर येऊ द्या, दोन बाजूंच्या मध्ये अडकवू नका. अडकवली तर फुगणारा तळ बाजू ढकलून काढतो.

तळाच्या फळ्यांना वाकीवर दोन-दोन रिपीट, एकमेकींपासून अडीच इंचांवर, कडेपासून सव्वा-सव्वा इंच आत. कडेच्या अगदी जवळ रिपीट मारले तर फळी दोन टोकांना बांधली जाते आणि आकसताना मधून चिरते. सांधेपट्टीचे स्क्रू मात्र आतून, पट्टीतून फळीत, दर 4 इंचांवर, सांध्याच्या दोन्ही बाजूंना. पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडा, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. हे स्क्रू पिळायलाच नावेखाली ती अडीच फूट जागा लागते.

बाहेरच्या उघड्या खाचेत सुती दोऱ्याची सैलसर वात, बोथट छिन्नीने हलकेच बसवलेली. लाकडी हातोडी, मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. वात खाचेच्या तळाशी टेकली की थांबा. वर लांबी भरा आणि ती फळीच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवा; फुगल्यावर ती आपोआप वर येते. शेवटी मधल्या फळीवर बाहेरून पठाण, 3 इंच बाय दीड इंच, लांबीच्या थरावर बसवून प्रत्येक वाकीला बोल्ट.

तेल, रंग आणि एक मोह

फायबर-ग्लासचा थर द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. अखंड फळ्यांच्या नावेवर तो देऊ नका. प्लायवूड हलत नाही म्हणून तिथे तो टिकतो; फळ्या हलतात, थर हलत नाही. सांध्यांवर तो फाटतो, आत गेलेलं पाणी अडकतं, आणि वरून चकचकीत दिसणारी नाव आतून कुजते.

काजूच्या टरफलाचं तेल खानापूर-चंदगडकडच्या काजू कारखान्यांतून मिळतं. पश्चिम किनाऱ्यावर नावांना ते पिढ्यान्पिढ्या लावतात, किडीला ते जबर आहे. पण ते बिब्ब्यासारखं उततं. रबरी हातमोजे, चश्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि पोरांना लांब ठेवा. पातळ तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्याशिवाय पुढचा नाही. ते नको असेल तर जवसाचं तेल गरम करून लावा.

कुठलंही लावा, आतून आणि बाहेरून सारखंच लावा. बाहेर चार हात आणि आत एकच असं केलं तर फळीचं एक अंग लवकर ओलं-सुकं होतं आणि फळी पन्हळीसारखी वळते. टोकांना आणि कापलेल्या कडांना दुप्पट. पाण्यावरच्या भागाला वरून फिकट रंग. डांबर लावायची सवय आपल्याकडे आहे, पण काळा पृष्ठभाग उन्हात भयंकर तापतो, डांबर ओघळतं आणि त्याखालचं लाकूड आणखी सुकतं. लावायचंच तर फक्त तळाला.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या स्वतःहून पेटतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा एकेक पसरून वाळवा.

पाण्यात उतरवणं

थेट पाण्यात ढकलू नका. आधी आतून-बाहेरून ओलं गोणपाट, तीन दिवस, दिवसातून चार वेळा पाणी मारत. मग उथळ पाण्यात, दोरीने बांधून. पहिल्या दिवशी पाणी शिरतंच. शिरू द्या, नाव भरली तरी हरकत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी उपसून बघा. बारीक झिरप उरली असेल तर नावेखाली पाण्यात लाकडाचा बारीक भुसा सोडा, झिरपणाऱ्या पाण्याबरोबर तो फटीत ओढला जाऊन बसतो. आठवड्यानंतरही एखादा सांधा गळत असेल तर आतून खडूने खूण करा आणि नाव बाहेर काढून तेवढाच सांधा पुन्हा भरा. पहिल्याच दिवशी घाबरून सगळ्या सांध्यांत वात ठासणं ही सर्वांत महाग चूक.

उन्हाळा

जवळ वर्षभर पाणी धरणारा डोह असेल तर जुनाच उपाय उत्तम: नावेत दगड भरून ती बुडवून ठेवा. पूर्ण पाण्याखालच्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते कुजत नाही, आणि आकसायचा प्रश्नच उरत नाही. नाव अर्धवट बुडालेली मात्र नको. पाण्याच्या रेषेवर कुजणं सुरू होतं. पाणी उतरत जाईल तशी नाव आत सरकवत राहा.

डोह नसेल तर झाडाच्या दाट सावलीत, उलटी, तीन जागी दगडी ठोकळ्यांवर. दोनच टोकांना टेकू दिला तर मध्ये झोळ पडतो. काळ्या मातीवर थेट ठेवू नका. वाळवी लागते आणि भेगाळणाऱ्या जमिनीत टेकूही सरकतात. वर ओलं गोणपाट, सकाळ-संध्याकाळ पाणी. प्लास्टिकची ताडपत्री अंगाला चिकटून टाकली तर आत भट्टी होते. पत्र्याची बंद शेड तर त्याहून वाईट.

2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर कृष्णाकाठच्या गावांत पुरासाठी म्हणून नाव ठेवायचा विचार वाढला. खरं सांगायचं तर वर्षभर पंचायतीच्या आवारात कोरडी पडून, एका रात्रीत पाण्यात उतरायची असेल, तर अखंड लाकडाची नाव त्या कामाची नाही, फायबरची घ्यावी. लाकडीच ठेवायची तर मृग निघाला की तिला भिजवायला सुरुवात करायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका. पूर जुलै-ऑगस्टात येतो, तोवर ती फुगून तयार असते.

दरवर्षी पाण्यात घालण्याआधी लांबी तपासा. नखाने दाबली तर खूण पडली पाहिजे. कडक होऊन तुटत असेल तेवढाच भाग खरवडून नवी भरा, वात घट्ट असेल तर तिला हात लावू नका. सांधेपट्टीचे स्क्रू एकदा फिरवून बघा. जो नुसताच फिरतो त्याच्या शेजारी दोन इंचांवर नवा बसवा आणि जुनं भोक सागाच्या खुंटीने बुजवा.